बर्फ पडेपर्यंत गोष्ट नाही

"बर्फ पडल्याबिगर गोष्ट नाय," शेजारचे हरीकाका ओट्यावरून गल्लीतल्या पोरांना सांगत होते. समुद्रकाठच्या चिंचणीत. मे महिन्यात.

आधी वाटलं, मलाच मराठी नीट कळलं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे हा संशय मला रोजच येतो. पण पोरंही गोंधळली होती. एकाने मासळीच्या पेटीतला बर्फ आणून अंगणात ओतला.

"पडला! आता सांगा."

काकांनी वाकून तपासला. "याला बोंबलाचा वास हाय. आभाळातनं पडाय पायजे."

हरीकाकांची चिकूची वाडी आहे. मुलगा मोठ्या बोटीवर नोकरीला. त्याने अमेरिकेतल्या एका अफाट तळ्यातल्या बेटावरच्या ओजिब्वे या आदिवासी जमातीतल्या मुलीशी लग्न केलं, आणि काका इथे बसून ओजिब्वे झाले. चिकू उतरवण्याआधी झाडाच्या बुंध्याशी चिमूटभर तंबाखू ठेवतात. "विचारल्याबिगर घ्यायचं नाय." बोईसरला रिक्षातून उतरताना 'मिग्वेच' म्हणतात, म्हणजे आभार. रिक्षावाला विचारतो, "चाचा, तबियत ठीक है?"

एकदा धीर करून मी बर्फाचं विचारलं.

"सूनबाईकडची रीत हाय, बाय. जमिनीवर बर्फ असंल तवाच जुन्या गोष्टी सांगायच्या. मला काय ठावं? मी उन्हाळ्यातच फोनवर गोष्ट सुरू केली, तवा पोरगा घरी होता, त्यो तिला इंग्रजीत सांगत होता. नातीने कानांवर हात ठेवले!" काका एकटेच हसले. मग हातातला चिकू उगाच पुसत राहिले. "आमची ही, म्हंजी तिची आजी, सांगायची ती गोष्ट. आजी तर गेली. आता पयली नातीला सांगीन, मंग बाकीच्यांना."

डिसेंबरात काकांनी मला हाक मारली. फोन लावून हवा होता. पडद्यावर नात, तिच्या मागच्या खिडकीत सगळं पांढरं. काकांनी टोपी सारखी केली आणि गोष्ट सुरू केली, आपल्या बोलीत. नात जरा वेळ ऐकत राहिली. मग बावरून आईकडे बघू लागली. तिला येते इंग्रजी आणि थोडी ओजिब्वे. काकांची ओजिब्वे 'मिग्वेच'पाशी संपते, इंग्रजी त्याच्याही आधी. मुलगा बोटीवरच होता.

काका थांबले. "जाऊ दे. कटाळली पोर." त्यांनी फोन बंद करायला माझ्यापुढे धरला.

मी पाहुण्यांना माझं नावसुद्धा पुटपुटत सांगते. काकांची निम्मी बोली मला कळत नाही. तरी खुर्ची पुढे ओढली.

"काका, तुमी थोडी थोडी सांगा," मी म्हणाले. "मी हाय."