आठ वारांची पारख

माझे डोळे बांधा आणि हातात कुठलाही किल्ट द्या, म्हणजे आम्हा स्कॉटिश पुरुषांचा तो चुण्यांचा लोकरी घागरा. कापड पूर्ण आठ वार की कमी, शिलाई हाताची की मशीनची, कसर लागली आहे की नाही, एवढंच काय, घालणारा माणूस मागच्या चुण्या सारख्या करून बसतो की तसाच धपकन बसतो, हेही मी सांगेन. एकतीस वर्षं किल्ट शिवण्यात गेली माझी. आमच्या डिंगवॉल गावात या बाबतीत माझ्यापुढे तोंड उघडायची कोणाची टाप नाही. फक्त न विचारता मत द्यायची खोड मला लागली, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

मर्डो मॅकेंझी माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या मुलीच्या लग्नात मी पाहुण्यांदेखत त्याच्या नव्याकोऱ्या किल्टची चुणी चिमटीत धरली आणि म्हणालो, "मर्डो, पाच वार कापड आणि मशीनची शिलाई. याचे पडदे बरे झाले असते." लोक हसले. मर्डोने ग्लास खाली ठेवला आणि निघून गेला. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एकाच चर्चमध्ये पुढच्यामागच्या बाकावर बसलो, पण बोललो नाही.

गेल्या आठवड्यात मर्डो वारला. मी गुपचूप सगळ्यांच्या मागे उभं राहायचं ठरवलं होतं. तेवढ्यात पाकीट आलं. आत कार्ड होतं, दोरी क्रमांक सहा. शवपेटी खड्ड्यात सोडायच्या दोऱ्या कोणी कोणी धरायच्या हे आमच्याकडे बरेच जण जाण्याआधीच लिहून ठेवतात. मर्डोने माझं नाव लिहिलं होतं. ते कार्ड घेऊन मी स्वयंपाकघरात तासभर बसून राहिलो. त्याने मला माफ केलं, असंच धरायचं ना? नाहीतर दुसरं काय?

आता जायचं तर मर्डोला शोभेल असं जायला हवं. माझा स्वतःचा किल्ट पाहिला तर कसरीने त्याची चाळणी केलेली. होय, माझाच. हसून घ्या. नवा शिवायला वेळ नव्हता, म्हणून बुधवारी जुने कपडे विकणाऱ्या धर्मादाय दुकानात गेलो. तिथे खुंटीला मॅकेंझी घराण्याच्या चौकडीचा हिरवा-निळा किल्ट लटकत होता. त्यात नवल काही नाही, अर्धं गाव मॅकेंझी आहे. मी तो उचलला आणि मनगट खाली गेलं. पूर्ण आठ वार, जड लोकर. खिडकीपाशी उजेडात धरला, एक भोक नाही. चुणीला चुणी लागली तिथे चौकडीची रेघ कुठे तुटली नव्हती. आतले टाके किंचित कमीजास्त, म्हणजे हाताचे. आतल्या पदरावर एक रफू होता, पण इतका सुबक की डोळ्यांना नाही, बोटालाच सापडला. दुकानातल्या बाईला मी वीस मिनिटं हे सगळं समजावलं. वर हेही सांगितलं की ज्याचा कोणाचा हा किल्ट असेल त्याला खरी पारख होती, आणि असा माणूस गावात असून मला माहीत नाही याचं आश्चर्य वाटतं.

शुक्रवारी सकाळी रिपरिप पाऊस. मी किल्ट घालून मर्डोच्या घरी पोचलो. दार त्याच्या मेहुणीने, शीनाने उघडलं. तिचा चेहरा पांढराफटक. आतून कपाटांचे ड्रॉवर आपटल्याचे आवाज येत होते. पुढच्या खोलीत मर्डो पेटीत होता. वरती कोट, टाय, सगळं व्यवस्थित, आणि कमरेखाली फुलाफुलांची चादर.

"त्याचा किल्ट सापडत नाही," मर्डोची बायको इशबेल म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "तोच घालून पुरा म्हणून मला सांगून ठेवलंय त्याने. मी त्याला चादरीत कसा पाठवू?"

मी छाती काढून म्हणालो, मॅकेंझींचा किल्ट ना, तासाभरात चांगलातला चांगला मिळवून देतो.

"दुसरा नको," ती म्हणाली. "शेकोटीची ठिणगी उडाली होती, आतल्या पदरावर मी रफू केलाय. तोच हवा."

मी दोन्ही हात मांड्यांवर दाबून उभा राहिलो. इशबेलला वाटलं माझ्या पोटात कळ आली. तिने बळेच खुर्चीत बसवलं, बसवताना पुढचा पदर सरकला आणि रफू उघडा पडला. पाच माणसं त्याच्याकडे बघत राहिली.

"फार्कर," इशबेल हळूच म्हणाली, "तू आमच्या कपाटात कधी शिरलास?"

तेव्हा शीनाला रडू फुटलं. मंगळवारी आवराआवर करताना तिनेच कपड्यांच्या तीन पिशव्या त्या धर्मादाय दुकानात देऊन टाकल्या होत्या. मी न्हाणीघरात जाऊन किल्ट उतरवला आणि मर्डोची बागकामाची विजार चढवली. मर्डो माझ्यापेक्षा वीतभर बुटका, त्यामुळे ती पोटऱ्यांपाशीच संपली.

त्याला किल्ट नेसवून झाल्यावर मी पेटीपाशी गेलो. सगळ्यांसमोर अपमान केला होता, तर कबुलीही सगळ्यांसमोरच द्यायला हवी. म्हणालो, "मर्डो, लग्नात मी चुकलो. हा किल्ट अस्सल आहे. इतका चांगला मीही शिवला नसता."

"लग्नातला कुठे हा?" इशबेल म्हणाली. "तो त्याने दुसऱ्याच दिवशी फाडला. फार्करचं बरोबर आहे म्हणाला. मग दोन वर्षं जुन्या बाजारांतून हिंडला, एकेक किल्ट तुझ्यासारखा उजेडात धरून बघायचा. हा मिळाला तेव्हा पोरासारखा नाचला. तुलाच दाखवायचा होता त्याला."

"मग दाखवला का नाही?"

"भ्याला. तू यातही काहीतरी खोट काढशील म्हणून. दर रविवारी म्हणायचा, पुढच्या रविवारी."

अकरा वर्षं तो माझ्या पुढच्या बाकावर बसत होता आणि मी त्याच्या मानेकडे रागाने बघत होतो. झाकण लावायला माणसं पुढे झाली. मी शेवटचं वाकून पाहिलं आणि माझा हात आपोआप पुढे गेला. पुढच्या पदराची कड मी अर्धं बोट डावीकडे ओढली.

इशबेलने ते पाहिलं. "काढलीस ना शेवटी खोट?" ती म्हणाली आणि तोंड फिरवून रडायला लागली.

मी विजार सावरत पावसात दोरी धरायला गेलो. हे तुम्हाला सांगायला नको होतं, पण कड खरंच तिरकी होती.