तिला तोफा, मला बादली

छपरातला पहिला थेंब विल्फ बीव्हर्सच्या कपाळावर पडला आणि दुसरा त्याच्या उघड्या तोंडात. रविवारची दुपारची झोप मोडल्याचं दुःख विल्फला नव्हतं. दुःख होतं ते शिव्या ऐकायला घरात कुणी नसल्याचं. बायको ऑड्री बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून स्कारबरोला गेली होती आणि गुरुवारपर्यंत येणार नव्हती.

विल्फने बादली लावली. बाकी काही त्याला ठाऊकच नव्हतं. खाणीत होता तेव्हा शुक्रवारचं पगाराचं पाकीट न उघडता ऑड्रीच्या हातात द्यायचं आणि तिने दिलेले सुटे पैसे खिशात घालायचे, अशी त्यांच्या घरची रीत होती. कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, घराचं भाडं, बिलं, दुरुस्त्या हे सगळं ऑड्रीचं खातं. काही मोडलं की ती म्हणायची, "कौन्सिलला कळवते." दोन दिवसांत कौन्सिलचा पिकल्स नावाचा माणूस निळे कपडे घालून यायचा, काम करायचा, आणि कौन्सिल कशी नालायक आहे यावर विल्फचं भाषण चहाबरोबर मुकाट्याने ऐकायचा. पण गेल्या हिवाळ्यात पिकल्स निवृत्त होऊन स्पेनला गेला होता.

सोमवारी विल्फने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः कौन्सिलला फोन केला. चाळीस मिनिटं व्हायोलिन ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, "सतरा, कोलियरी रो? हा पत्ता आमच्या यादीत नाही."

"नाही म्हणजे? त्रेचाळीस वर्षं राहतोय मी तिथे!"

"असेल हो. पण यादीत नाही."

विल्फने फोन आपटला. खाण बंद पडून अठ्ठावीस वर्षं झाली होती. आता घरसुद्धा नकाशावरून पुसायला निघाले होते तर! यामागे कोण आहे हे त्याला सांगावं लागत नव्हतं. ती बाई, खाणी बंद करणारी त्या वेळची पंतप्रधान. तिचं नाव विल्फने चौऱ्याऐंशीच्या खाणकामगारांच्या संपापासून तोंडातून काढलं नव्हतं. आठवड्यापूर्वी ती वारली, तेव्हा अर्धा देश रडला आणि विल्फच्या गावी, कर्कथॉर्पच्या क्लबात, बिअर संपली. येत्या बुधवारी लंडनमध्ये तिची अंत्ययात्रा होती. लष्करी इतमाम, तोफांची सलामी, सगळा थाट.

मंगळवारी तो कौन्सिलच्या कचेरीत जाऊन आला. त्याला एक अर्ज मिळाला आणि एक पेन मिळालं. पेन चालत नव्हतं.

बुधवारी सकाळी विल्फने खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर रंगाने लिहिलं, 'तिला तोफा, मला बादली', गळतीखाली सूपचं पातेलं सरकवलं, आणि पुठ्ठा आणि बादली घेऊन कचेरी गाठली. दाराच्या आत, अगदी मधोमध, बादली उलटी ठेवून तो तिच्यावर बसला.

"मिस्टर बीव्हर्स, इथे बसता येत नाही," खिडकीमागची बेथनी म्हणाली. ही मुलगी पंचविशीची, चेहऱ्याने गरीब, आणि सोमवारी फोनवर होती तीच.

"बसता येतं. हे बघ, बसलोय."

"पण तुम्हाला हवंय काय?"

"कौल. एक कौल! तिच्या शवपेटीपुढे घोडे लावलेत, माझ्या छपराला एक कौल लागत नाही?"

रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. गटार तुंबल्याची तक्रार घेऊन आलेली एक जाडजूड बाई विल्फच्या शेजारी जमिनीवरच बसली. तासाभरात सात जण झाले. कुणीतरी स्थानिक पेपरला कळवलं, आणि फोटोग्राफर आला.

तेवढ्यात रांगेतला एक टायवाला म्हातारा पुढे झाला. "मेलेल्या माणसाबद्दल असं लिहिता? लाज वाटू द्या! माझ्या बापाने जन्मभर भाडं भरलं. तिने कायदा केला म्हणून मी कौन्सिलकडून स्वतःचं घर घेतलं. निम्म्या किमतीत! माझ्या घराण्यात पहिलं!"

"घेतलंस ना? मग गप घरात बस. आमच्या घरीही कागद आला होता. चुलीत घातला मी. विकला गेलेला माणूस नाही हा!"

फोटोग्राफरने पटकन फोटो काढला. विल्फने हनुवटी वर केली आणि दुसरा काढायला सांगितला.

याच क्षणी दारातून लेस हिंचक्लिफ आत आला. लेस विल्फचा शेजारी, खाणीतला जोडीदार, संपात वर्षभर एकाच पावाचे दोघांनी तुकडे केलेले. पण एकोणनव्वद साली लेसने त्याच कायद्याखाली आपलं घर विकत घेतलं, आणि त्या दिवसापासून विल्फने त्याच्याशी बोलणं टाकलं. चोवीस वर्षं. कुंपण कापायचं असलं तरी निरोप ऑड्रीमार्फत जात होता.

लेस धापा टाकत होता. "विल्फ, घरी चल."

विल्फने फोटोग्राफरकडे पाहिलं. "या गृहस्थांना सांगा, मी यांच्याशी बोलत नाही."

"नको बोलूस. नुसता ऊठ. कौल मी बसवतो. आज बसवतो."

"यांना सांगा, मला खाजगी कौल नको. कौन्सिलचं पाहिजे."

"अरे गाढवा, तुझ्या भल्यासाठी सांगतोय! ऑड्री येईपर्यंत तरी थांब!"

"यांना विचारा, ऑड्रीचा काय संबंध?"

लेसने खिडकीकडे पाहिलं. संबंध खिडकीमागे होता. गर्दी पाहून घाबरलेल्या बेथनीने तळघरातून जुनी नोंदवही मागवली होती आणि ती आता एका ओळीवर बोट ठेवून उभी होती. तिचा चेहरा उजळला होता.

"मिस्टर बीव्हर्स, सापडलं! तुमचं घर यादीत का नाही ते कळलं. ते आमचं नाहीच."

"मग कोणाचं आहे?"

"मिसेस ऑड्री बीव्हर्स. आईच्या पश्चात भाडेपट्टा त्यांच्या नावावर झाला, आणि शहाऐंशी साली त्यांनी घर विकत घेतलं. त्याच कायद्याखाली. अभिनंदन!"

गटारवाली बाई उठून रांगेत परत गेली. टायवाला म्हातारा हळूच म्हणाला, "स्वागत आहे." फोटोग्राफरने तिसरा फोटो काढला. तो काढायला कुणीच सांगितलं नव्हतं.

विल्फने लेसकडे पाहिलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा थेट बोलला. "तुला माहीत होतं?"

"गल्लीला माहीत होतं. ऑड्रीने शपथ घातली होती."

"चोवीस वर्षं मी तुला गद्दार म्हणत होतो, आणि तू एकदाही…"

"ओठांवर आलं होतं रे. दर ख्रिसमसला यायचं."

घरी परतल्यावर विल्फने आतून फक्त कोट घेतला. त्या बाईच्या कृपेच्या छपराखाली आपण झोपणार नाही, असं त्याने लेसला जाहीर केलं. लेस म्हणाला, माझ्याकडे ये. पण लेसचं घरही त्याच पापातलं. समोरचं तसंच, कोपऱ्यावरचंही तसंच. शेवटी गुरुवारी सकाळी विल्फ बसथांब्याच्या शेडमध्ये जाऊन बसला. सबंध कोलियरी रोमध्ये कौन्सिलच्या मालकीचं आता तेवढंच उरलं होतं. बुधवारची रात्र कुठे काढली याबद्दल तो कधी बोलला नाही, लेसही बोलला नाही.

अकराच्या बसमधून ऑड्री उतरली. तिच्या हातात बॅग होती आणि काखेत पेपर. पहिल्या पानावर विल्फ होता.

"फोटो चांगला आलाय," ती म्हणाली. "स्वेटर तेवढा उलटा घातलायस."

"ऑड्री, तू तिच्याकडून घर घेतलंस."

"घेतलं. शिवणाच्या कारखान्यातल्या पगारातून आणि आईच्या विम्यातून."

"ज्या बाईने माझी खाण बंद केली…"

"तिच्याकडूनच!" ऑड्रीने बॅग खाली ठेवली. "ऐक आता. संपाचं वर्षभर मी क्लबात तीनशे माणसांचा स्वयंपाक केला. तुझ्याबरोबर मोर्चात ओरडले, पोलिसाची टोपी उडवली. वर्षाच्या शेवटी काय उरलं? तुला काम नाही, मला झोप नाही. रोज वाटायचं, आता भाडं थकलं की रस्त्यावर. तिने आपलं सगळं नेलं, विल्फ. मग तिच्या हातून चार भिंती मी निम्म्या किमतीत ओढून घेतल्या. तुम्ही सगळे तिच्याशी लढलात. वसूल काय ते मी एकटीने केलं!"

विल्फने रस्त्याकडे तोंड फिरवलं. "आणि पिकल्स?"

"त्याला मीच पैसे द्यायचे. तुझं भाषण ऐकण्याचे जास्त घ्यायचा."

"मी त्या घराचा मालक होणार नाही," विल्फ म्हणाला. "मेलो तरी नाही."

"तू मालक नाहीसच. घर माझ्या नावावर आहे."

हे विल्फच्या डोक्यात आलं नव्हतं. तो सावकाश उठून उभा राहिला. कालपासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर रंग चढला. "म्हणजे मी भाडेकरू?"

"भाडेकरू."

"होतो तसाच?"

"होतास तसाच. पण माझ्या घरात भाडं द्यावं लागेल. दर रविवारी बटाटे सोलायचे, गाजरं चिरायची, भांडी घासायची, आणि खिडक्या पुसायच्या."

"ही पिळवणूक आहे!" विल्फमधला युनियनचा जुना माणूस जागा झाला. "खिडक्या अजिबात नाही. गाजरं तर बोलूच नकोस."

"गाजरं राहू देत. खिडक्या महिन्यातून एकदा."

"खिडक्या नाही म्हणजे नाही! बटाटे आणि भांडी. यापुढे एक पाऊल मागे घेणार नाही, नाहीतर हा मी इथेच बसतो."

ऑड्रीने खूप विचार केल्यासारखं केलं, उसासा टाकला आणि हात पुढे केला. विल्फने तो कडकडून हलवला. बॅग उचलून तो ताठ मानेने कोलियरी रोवरून चालू लागला. कुंपणापाशी उभ्या असलेल्या लेसला त्याने लांबूनच ओरडून सांगितलं की मालकवर्गाला आज नमवलं, त्यांना आपल्या निम्म्या मागण्या सोडाव्या लागल्या.

ऑड्री मागून सावकाश येत होती. तिला बटाटे आणि भांडी एवढंच हवं होतं.