पंचफुलाबाईंची चुंबळ आणि देवमाशांचे कल्याण

रामाकोना गावच्या पंचफुलाबाईंची विहीर आवाज करीत नव्हती. ही गोष्ट गंभीर आहे, हे त्यांना तीन वर्षे ठाऊक नव्हते.

त्याआधी ती आवाज करी. विहीर सासऱ्यांच्या हातची, चुना न लावता नुसते दगडावर दगड बसवून बांधलेली. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की सबमर्सिबल मोटार खालच्या अरुंद भागात सोडावी लागे, आणि बटण दाबले की पहिल्या झटक्याला ती शेजारच्या दगडावर आपटे. ठक. मग पाणी वर येई. घरातल्या बाकीच्यांना पाणी दिसे, पंचफुलाबाईंना ठक ऐकू येई. एकेका ठोक्याने एकेक दगड तसूभर सरकतो, खालचा एक निसटला की वरचे दहा येतात, आणि विहीर बसली की आंबिया बहाराची साडेतीनशे संत्र्याची झाडे लिंबाएवढी फळे अंगावर घेऊन उभ्या उभ्या वाळतात. एवढ्या गणिताला त्यांची दुसरीपर्यंतची शाळा पुरली होती.

त्यांनी जुने लुगडे फाडले, त्याला पीळ दिला आणि गोल वळून चुंबळ केली. डोक्यावर घागर घेताना बाया करतात तशीच, अंगाने जरा मोठी. वरून सायकलची फुटकी ट्यूब आवळली, मोटार वर ओढून घेतली आणि तिच्या कमरेला ती चुंबळ चढवली.

"झालं," त्या मुलाला, गुणवंताला म्हणाल्या. "सोड आता खाली. आपट म्हना किती आपटाचं तं."

मोटार आपटली असेल, पण ठक झाला नाही. तीन उन्हाळे विहीर गप्प राहिली. चौथ्या उन्हाळ्यात अधिक महिना आला, आणि अधिक महिन्यात जावई येतो.

जावई म्हणजे प्राध्यापक भूपेंद्र. सौंसर आणि पांढुर्णा यांच्या मधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ते बारा वर्षे यंत्रशास्त्र शिकवत होते आणि विभागप्रमुख होता होता राहत होते. महाविद्यालयाचा नवा नियम असा होता की प्रत्येक प्राध्यापकाच्या नावावर वर्षाअखेर किमान एक पेटंटचा अर्ज पाहिजे. पेटंट मिळालेच पाहिजे असे नियमात नव्हते. नियम करणारे व्यवहारी होते. त्यामुळे सहकाऱ्यांनी भराभर शोध लावले होते. एकाने गैरहजर विद्यार्थी ओळखणारी खुर्ची शोधली होती. दुसऱ्याने सूर्यावर चालणारी छत्री शोधली होती, जी पाऊस पडला की बंद पडे. भूपेंद्र मात्र शोधाच्या शोधात होते.

धोंड्याच्या जेवणाला ते आले, तेहेतीस अनारशांपैकी जमतील तेवढे खाल्ले आणि हात धुवायला विहिरीवर गेले. तिथे ते बराच वेळ उभे राहिले.

"मामी, मोटार चालू हाय न?"

"पानी येऊन राहिलं न, जवाईबापू?"

"पन आवाज नाही येत."

"तुमच्यासाठी बँड लावाले पाह्यजे होता, मले सुचलं नाही."

जावयाने सगळी हकीकत विचारून घेतली, चुंबळ वर काढायला लावली आणि ती उन्हात धरून चहूबाजूंनी पाहिली. मग त्यांनी वाण मागितले. या महिन्यात जावयाला भोकाभोकांची, जाळीदार वस्तू वाण म्हणून देतात. अनारसे त्यासाठीच करतात. चुंबळीलाही मधोमध भोक असते. आणि जावयाने धोंड्यात मागितलेली वस्तू सासर नाकारत नाही, दिलेली परत घेत नाही.

पंचफुलाबाईंना मनातून बरेच वाटले. शेजारच्या अंबाबाईंच्या जावयाने मोटारसायकल मागितली होती. आपला जावई चिंधी मागतो, हे त्या वर्षभर चारचौघींत सांगू शकणार होत्या. त्यांनी चुंबळीला कुंकू लावले, वर सुपारी ठेवली आणि अकरा माणसांच्या देखत ती ताटातून जावयाच्या हाती दिली. भूपेंद्र यांनी या प्रसंगाचा फोटो काढून घेतला. पुढे अर्जाला जोडलेला पुरावा क्रमांक एक तो हाच.

दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाईंनी दुसरे लुगडे फाडले आणि दुसरी चुंबळ केली. त्यांच्याकडून घडलेला गुन्हा हा.

आठव्या दिवशी महाविद्यालयाच्या बौद्धिक संपदा कक्षाचे पत्र आले. ते देण्यासाठी भूपेंद्र स्वतःच आले, कारण पोस्टाने उशीर झाला असता. गुणवंताने ओसरीवर उभे राहून ते वाचले. 'जलांतर्गत ध्वनीच्या न्यूनीकरणासाठी वलयाकृती बहुस्तरीय तंतुमय उपकरण' यासाठी संस्थेने अर्ज दाखल केला असून, त्या उपकरणाचा विनापरवाना वापर आपल्या विहिरीत सुरू असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर उपकरणाचे हक्क मूळ धारकाने साक्षीदारांसमक्ष, कुंकू लावून, स्वेच्छेने हस्तांतरित केलेले आहेत. उपकरणाचा हेतू जहाजांच्या आवाजापासून देवमाशांचे संरक्षण हा आहे.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाकडा शब्द बोलत नाहीत. पंचफुलाबाईंनी हा रिवाज जन्मात मोडला नव्हता. त्या जावयाच्या समोर बसल्या, त्यांना पाण्याचा गडवा दिला आणि मुलाकडे तोंड केले.

"गुणवंता, इचार त्यायले, देवमासा कुठी राहते?"

"समुद्रात राहते, मामी," भूपेंद्र म्हणाले.

"गुणवंता, इचार, तो रामाकोन्याले कधी येऊन राहिला? म्हंजे मी पुरन टाकतो."

"माय, काय बोलून राहिली तू," गुणवंता खाली मान घालून म्हणाला.

"मी तुले बोलून राहिली. जवाईबापूले मी काय म्हनन? देवासारखा मानूस. इचार, आपलंच लुगडं, आपलीच मोटार, आपलीच विहीर, अन् चोर बी आपनच?"

भूपेंद्र समजूतदार होते. त्यांनी सांगितले की घाबरण्याचे कारण नाही. वापराचा परवाना मिळतो, आणि सासूबाईंना तो संस्था सवलतीने देईल. त्यासाठी उपकरणाशिवाय आवाज किती होतो आणि उपकरणासह किती होतो, एवढेच मोजून नोंदवायचे. उपकरणाशिवायची मोजणी सलग सात दिवसांची लागते. तेवढे दिवस मोटार चुंबळीविना, रोज दहा वेळा चालू-बंद करायची.

"गुणवंता," पंचफुलाबाई म्हणाल्या, "सत्तर ठोक्यांत विहीर बसन, हे त्यायच्या पुस्तकात हाय का नाही, पाहाले सांग."

पुस्तकात नव्हते. पंचफुलाबाईंनी साफ नकार दिला. मात्र संध्याकाळी मुलीचा, दामिनीचा फोन आला.

"माय, यायचं प्रमोशन अडून हाय. यायच्या मागून आलेले पुढं गेले. मले कॉलनीत तोंड दाखवाले लाज वाटते. सातच दिवस तं म्हनून राहिले."

"अन् विहीर?"

"विहीर कुठी पळून जाते, माय?"

पंचफुलाबाईंनी फोन ठेवला. गावात एकाही माणसापुढे न हटलेली ही बाई मुलीपुढे हटली. दुसऱ्या सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने मोटारीच्या कमरेची चुंबळ सोडवली आणि वाळत घातली.

मोजणीसाठी तांत्रिक समिती आली. समितीचे अध्यक्ष खुद्द महाविद्यालयाचे संचालक रघुनाथराव होते. पाण्यात सोडायचा माइक होता, आकडा दाखवणारी पेटी होती, आणि समितीला बसायला खुर्च्या पंचफुलाबाईंच्याच घरच्या होत्या. पहिल्या दिवशी ठक फार बारीक भरला. एवढ्या बारीक आवाजातून कमी काय करून दाखवणार, अशी अडचण रघुनाथरावांनी बोलून दाखवली. तेव्हा मोटार दगडाच्या आणखी जवळ सरकवण्यात आली. आता आकडा समाधानकारक येऊ लागला.

पंचफुलाबाई विहिरीच्या काठावर बसून ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आवाज बदलला. दगड पोकळ बोलून राहिला."

"बाई, यंत्रात तशी नोंद नाही," रघुनाथराव म्हणाले.

"यंत्राले काय, त्याले थोडीच संत्रे तोडाचे हाय."

चौथ्या दिवशी खालून माती गढूळत वर आली. समितीने तिची नोंद 'इतर निरीक्षणे' या सदरात केली. पाचव्या दिवशी सातव्या वेळेला बटण दाबले. ठक झाला. त्यामागून एक लांबलचक, पोटातून आल्यासारखा आवाज झाला, काठ हलला, समिती खुर्च्यांसकट मागे सरली, आणि पूर्वेकडची अर्धी बांधणी मोटारीच्या डोक्यावर जाऊन बसली. धूळ वर आली. मग काहीच ऐकू येईना.

गुणवंता काठाकडे धावला आणि वाकून मोटार कुठे दिसते ते शोधू लागला. रघुनाथरावांनी तेवढे कर्तव्य सोडले नाही. त्यांनी पेटीकडे पाहिले. आकडा शून्य होता. त्यांनी पेटीला दोन टिचक्या मारून पाहिल्या, तरी शून्यच.

"प्राध्यापक," ते हळूच म्हणाले, "अभिनंदन."

समितीचा अहवाल तीन दिवसांत तयार झाला. परीक्षणकाळात विहिरीतील ध्वनीमध्ये शंभर टक्के घट नोंदवली गेली. इतकी घट आजवर कोणत्याही उपकरणाने साधल्याचे समितीच्या माहितीत नाही. घट झाली त्या वेळी उपकरण विहिरीत नसून महाविद्यालयाच्या कपाटात होते, यावरून ते दूर अंतरावरूनही कार्य करते असे सिद्ध होते. हा गुणधर्म मूळ अर्जात राहून गेल्याने पुरवणी अर्ज करावा. परवान्याच्या मागणीबाबत अहवालात म्हटले होते की, अर्जदाराच्या विहिरीत आता कोणताही आवाज नसल्याने परवान्याची आवश्यकता उरलेली नाही.

भूपेंद्र विभागप्रमुख झाले. सत्कार समारंभ ठरला, आणि त्यात प्रथम लाभार्थी म्हणून पंचफुलाबाईंचाही सत्कार ठरला. त्या जाणार नाहीत असे गुणवंताला वाटले होते. त्या सर्वांत चांगले लुगडे नेसून गेल्या.

सभागृहात चारशे माणसे होती. फलकावर 'पेटंट' हा शब्द हत्तीएवढा होता, आणि 'अर्ज' हा शब्द ज्याला माहीत असेल त्यालाच सापडत होता. व्यासपीठावर काचेच्या पेटीत चुंबळ ठेवली होती, कुंकवासकट. आवाज कमी करण्याच्या शोधाचा सोहळा असल्याने स्वागतगीतासाठी नागपूरहून मोठे स्पीकर आणले होते. काचेची पेटी त्या आवाजाने थरथरत होती. तिच्याखाली कोणीतरी रुमालाची घडी सारली, तेव्हा ती थांबली.

पंचफुलाबाईंना शाल दिली, नारळ दिला आणि काळ्या दगडात कोरलेला चांगला पाचसहा किलोचा देवमासा दिला. मग दोन शब्द बोलायला सांगितले.

"माहे जवाई लय हुशार हाय," त्या माइकसमोर म्हणाल्या. "जी विहीर गप्प होती, तिचा आवाज यायनं कमी केला. साठ वर्स जे दगड हलले नाही, ते पाच दिवसांत यायनं हालवले. आता साडेतीनशे झाडांवरून फळं गळून राहिली. त्याचा बी आवाज येत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत कोणी म्हणाले, बाईंना विनोदाची जाण आहे.

पंचफुलाबाईंनी टाळ्या संपू दिल्या. मग खांद्यावरची शाल काढली, तिला पीळ दिला, गोल वळली आणि डोक्यावर ठेवली. तिच्यावर दगडाचा देवमासा चढवला आणि हात न लावता, मान ताठ ठेवून, त्या व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून मधल्या वाटेने बाहेर गेल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता. नवे विभागप्रमुख वहीत काहीतरी टिपून घेत होते.

धोंड्याचा महिना संपला आणि दुसरे पत्र आले. पुरवणी अर्जातील दावा क्रमांक चार असा वाढवण्यात आला होता: कोणताही भार आणि त्याचा आधार यांच्यामध्ये आवाज, धक्का वा त्रास कमी करण्याच्या हेतूने ठेवलेले कोणतेही घडीचे, पिळाचे वा वळकटीचे कापड. गुणवंताने ते विहिरीच्या काठावर वाचून दाखवले. खाली चार माणसे दगड खणत होती, आणि पंचफुलाबाई शालीच्या चुंबळीवर घमेले घेऊन तिसाव्यांदा बांधाकडे निघाल्या होत्या. निम्मी फळे गळाली होती. उरलेली टिकतील की नाही, हे मोटार दगडाखालून किती लवकर निघते यावर होते.

"म्हंजे याच्यात कोन कोन येते?" त्यांनी घमेले न उतरवता विचारले.

"सगळेच येते, माय. पान्याले जानाऱ्या बाया, हमाल, अंबाबाईच्या घरचा पाळना बी."

"मंग जवाईबापूले पत्र लिही. म्हनावं महिना सरला, आता मी तोंडावर बोलाले मोकळी हाय. या एकदा जेवाले."

भूपेंद्र अजून गेलेले नाहीत. त्यांना कामे फार आहेत. दावा क्रमांक चारचा भंग कुठे कुठे होतो याची पाहणी त्यांनी हाती घेतली आहे, आणि ती घरोघर होणार आहे.

तेव्हा तुम्हीही हसणे थांबवा, स्वयंपाकघरात जा आणि मिक्सर उचलून पाहा. खाली फडक्याची घडी निघेल. ती ठेवताना तुम्ही कोणाला विचारले नव्हते. ती काढा, मिक्सर ओट्यावर मनसोक्त नाचू द्या, आणि शेजारी विचारायला आले तर सांगा की देवमाशांसाठी चालले आहे.