मधले भिंग तख्तनशीन जाहले त्याची हकीकत

जावयाने सासुरवाडीच्या ओसरीवर बसून, एक डोळा मिटून आणि दुसरा नळकांड्यास लावून, घरच्या मंडळीस मागे सरा, पुढे या, मान वाकडी करू नका, ऐसे हुकूम सोडावे, आणि तेही धोंड्याच्या महिन्यात, जेव्हा जावई म्हणजे साक्षात विष्णू आणि त्यास नाही म्हणण्याची सासूस सोय नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते ते शास्त्र्यांनी सांगावे. येविषयी साद्यंत वर्तमान पुढे लिहिले आहे. लिहिणार खुद्द देवकाबाई, कसबे सेलू, प्रांत वर्धा. परंतु आपली थोरवी आपल्याच तोंडाने सांगणे बरे दिसत नाही, सबब देवकाबाईंस या बखरीत तिऱ्हाइतासारखे बाईसाहेब ऐसे म्हटले आहे, आणि थोरवी जितकी होती तितकी ठेविली आहे, कमी केली नाही.

शके अठराशे पंचाहत्तर, विजयनाम संवत्सरे, अधिक वैशाख मासी, ऊन ऐसे की कावळ्याने चोच मिटू नये, ते समयी राजमान्य राजश्री प्रभाकरराव, पुलगावच्या दारूगोळ्याच्या कोठारातील कारकून, सहकुटुंब आगगाडीने आणि तेथून बैलांच्या रेंगीने कूच करून सेलूस दाखल जाहले. दिवसभर तोफगोळ्यांच्या पेट्यांवर नजर ठेवणारा पुरुष, परंतु गळ्यात चामड्याच्या पट्ट्याने क्यामेरा लटकत होता. विलायतेस परत जाणाऱ्या एका साहेबाचा तो, आणि त्याजबरोबर तीन भिंगे आली. धाकट्यावर पस्तीस, मधल्यावर पन्नास आणि थोरल्यावर एकशेपस्तीस ऐसा आकडा कोरलेला. आकडा थोर तर दूरचे जवळ दिसे आणि आजूबाजूचे गळून जाई. आकडा लहान तर अख्खा मुलूख एका नजरेत मावे. प्रभाकररावांनी कोठल्या इंग्रजी पुस्तकात वाचिले की जातिवंत फोटोवाल्याने रोजच्या वापरास एकच भिंग मुक्रर करावे आणि बाकीची विसरावी. मग त्यांनी पण केला की भिंग ठरेतो अजमावणीच्या तसबिरी कितीही होवोत, परंतु सासूबाईंची खरी तसबीर काढणे नाही, आणि काढणे तर ठरल्या भिंगानेच. गोळा कोणत्या तोफेचा ते हा मनुष्य झोपेत सांगेल, परंतु काचेचा तुकडा निवडता निवडता जेवण निवून जाई.

इकडे प्रसंग बाका होता. प्रभाकररावांची बदली आसामच्या मुलखी जाहली होती, आणि कन्या कांताबाई त्यांजबरोबर जाणार, परत केव्हा येणे ते सरकारास ठाऊक. बाईसाहेबांचे यजमान कैलासवासी बाबाराव तसबीर न काढताच गेले, आणि त्यांच्या मिशा वर वळलेल्या की खाली, याविषयी मायलेकींत अद्याप तंटा आहे. कांता म्हणे वर, आणि बाईसाहेब म्हणत, माह्या नवऱ्याच्या मिशा मले ठाऊक का तुले. परंतु खरे लिहावयाचे तर अलीकडे बाईसाहेबांनी डोळे मिटले तर त्या कधी वर दिसत आणि कधी खाली, आणि ही गोष्ट त्यांनी कोणास कळू दिली नव्हती. म्हणोन कांतेने हट्ट घेतला की मायची तसबीर झाल्यावाचून गाडीत पाय ठेवणे नाही.

त्यात रिवाजाची आडकाठी. या घराण्यात सासू जावयासमोर येत नाही, त्याजशी बोलत नाही. जावई ओसरीवर पाटावर बसणार, सासू मुदपाकखान्याच्या चौकटीत पदर हनुवटीपर्यंत ओढून उभी राहणार, आणि मध्ये कांता वकील. लग्न जाहल्यापासून दोन दौलतींचा सर्व व्यवहार ऐसाच चालला होता, आणि एकही शब्द सरळ गेला नव्हता.

प्रथम धाकटे भिंग चढवून मोहीम निघाली. घराची तसबीर घेतली, ती वर्ध्याहून धुऊन आली, तो तीत अंगण, गोठा, गोवऱ्यांची रास, शेजारच्यांचे वाळत घातलेले धोतर, सर्व दौलत आली, आणि चौकटीतल्या बाईसाहेब तेवढ्या तिळाएवढ्या. मग रावांनी मसलत केली की या भिंगास माणसाच्या जवळ गेले पाहिजे, आणि बाईसाहेबांचे धाकटे दीर बापूराव बाजेवर पाय पसरून बसले होते त्यांजवर चाल केली. ती तसबीर आली तो तळपाय सुपाएवढे, आणि शिर सुपारीएवढे. बापूरावांनी कागद उलटसुलट पाहून विचारिले, “तळपायाचाच फोटो घ्याचा होता, त मले दाढी काऊन कराले लावली?”

इतक्याने शहाणे व्हावे की नाही. परंतु राव तेच भिंग घेऊन थेट मुदपाकखान्यावर चालून गेले, आणि उंबरठ्यावर पाऊल पडते न पडते तोच बाईसाहेबांनी दरवाजा लावून किल्ला बंद केला, आणि त्या गडबडीत धोंड्याच्या वाणाचे अनारसे तुपात करपले. आतून फर्मान सुटले ते ऐसे, “कांते, त्याईले सांग, चुलीपर्यंत येनारा पाहुना एकच हाय, अन् तो बोका.”

मग राव मागे हटले, परंतु हटले ते फारच मागे. थोरले भिंग चढविले, आणि त्यास अंतर पाहिजे म्हणोन गल्ली ओलांडून समोरच्या धुरपताबाईच्या गोठ्याच्या कवेलूंच्या छपरावर चढून मोर्चा बांधिला. धुरपताबाई म्हशीस पाणी पाजीत होती, तिने वर पाहिले आणि तेथूनच हाळी दिली.

“देवकाबाई, तुमचा जावई माह्या छपरावर बसून कोनाच्या घरात पाहून राह्यला?”

बाईसाहेबांनी आतून जबाब दिला, “दुसऱ्या कोनाच्या नाई. आपल्याच सासूले पाहून राह्यला.”

“सासूले पाहाले छपरावर चढा लागते का?”

 इतक्यात कवेलू फुटून रावांचा एक पाय म्हशीच्या गव्हाणीत उतरला, म्हशीने तो हुंगून कडबा नव्हे ऐसी खातरी करून सोडिला, आणि राव लंगडत, परंतु क्यामेरा डोक्यावर धरून, छावणीस परत आले. त्या स्वारीची तसबीर आली तो बाईसाहेबांचा एक कान, आणि तोही हललेला. कांतेने कागद हातात धरून इतकेच विचारिले, “मायचा कान घेऊन जाऊ का मी आसामात?” आणि परसात जाऊन बसली. बाईसाहेबांनी त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा घातले, आणि जावयाने ती भाजी हूं की चूं न करता खाल्ली, हे त्याच्या बाजूने लिहून ठेविले पाहिजे.

मधल्या भिंगाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. ते प्रत्येक क्यामेऱ्याबरोबर आपोआपच येते, घरच्या ज्वारीच्या भाकरीसारखे, त्यात काय मर्दुमकी, ऐसे रावांचे मत.

होता होता निघावयाचा दिवस उगवला. रेंगी जुंपली, वाण दिले, दिवा ओवाळला. राव पाटावर बसून मांडीवर भिंगे घेऊन एक चढवीत आणि एक उतरवीत होते, आणि शेवटी मान खाली घालून बोलले, “कांता, सासूबाईंना सांग, भिंग काही ठरलं नाही. पुढच्या खेपेस नक्की काढू.”  गाठोड्याची गाठ बांधलेली होती ती कांतेने सोडली आणि पुन्हा बांधिली.

ती गाठ बाईसाहेबांनी चौकटीतून पाहिली. मग हुकूम जाहला ऐसा जे, त्याईले म्हणा बसल्या जागेवरून हलाचं नाई, अन् मी उभ्या जागेवरून हलनार नाई, आता या दोघाईच्या मधात जे भिंग बसन ते लावा. हुकूम कडक होता. रावांनी धाकटे लाविले, तो दरवाजा, भिंत आणि आढ्याची जळमटे दिसली आणि बाईसाहेब त्यांत हरवल्या. थोरले लाविले, तो नुसता पदराचा काठ दिसला. मग नाइलाजाने मधले लाविले, आणि राव एकदम निश्चल जाहले. चौकटीत बाईसाहेब शिरापासून कंबरेपर्यंत नेमक्या उभ्या होत्या, लग्न जाहल्यापासून राव त्यांस जितके पाहत आले तितक्याच, ना जास्त ना कमी. परंतु मुख पदराआड. ते सरळ सांगण्याची जावयास छाती नव्हती, म्हणोन त्याने वकिलाकडे पाहिले, तो वकील पाठ फिरवून गाठोड्याची गाठ पुन्हा सोडीत होता.

मग बाईसाहेबांनी आपल्याच हाताने पदर कपाळापर्यंत वर घेतला.

येणेप्रमाणे अधिक वैशाख वद्यपक्षी, ऊन ओसरीवर आले असता, मधले भिंग तख्तनशीन जाहले. धाकटे आणि थोरले पेटीत नजरकैद पडले, आणि प्रभाकररावांनी पुढे आसामात हत्तीपासून चहाच्या मळ्यापर्यंत जे काढिले ते याच भिंगाने काढिले ऐसे कांतेचे सांगणे आहे. तसबीर तिजपाशी आहे. धुरपताबाईस नवी कवेलू देण्यात आली. बाबारावांच्या मिशांचा तंटा कायम आहे, परंतु बाईसाहेबांच्या मुखाविषयी या घराण्यात पुढे कोणास तंटा करता येणार नाही. त्या समयी प्रथमच जावयाच्या नजरेस नजर देऊन बाईसाहेब जे बोलल्या, ते फत्तेचे निशाण म्हणोन अक्षरशः खाली लिहून ठेविले आहे.

“प्रभाकरराव, तुमचं भिंग हेच. मानूस जेवढ्यावर उभं राहू देते, तेवढ्यावरूनच त्याले पाहावं. छपरावरून नाई, अन् चुलीत शिरूनबी नाई. आता दाबा लवकर. हा पदर काही रोज रोज वर होत नाई.”