अंतराळवीराची अडचण

सूट घालण्याआधी भैय्याजींनी दोन ग्लास ताक रिचवलं, तिथंच गाडं फसलं.

स्टील प्लांटच्या वसाहतीत सेक्टरमधल्या मंडळाने मुलांसाठी ‘चंद्रावर माणूस’ असा कार्यक्रम ठेवला होता. प्रश्न मुलांनी विचारायचे आणि उत्तरं वसुंधराने माइकवरून द्यायची. ती शाळेत विज्ञान शिकवायची. अंतराळवीर होऊन नुसतं उभं राहायचं काम तिच्या वडिलांकडे, भैय्याजींकडे आलं, कारण प्लांटमध्ये भट्टीसमोर घालतात तसला एक बाद झालेला चंदेरी सूट त्यांच्यापाशी होता. काच लावलेल्या टोपासकट.

“बाबा, आधी बाथरूमले जाऊन या,” वसुंधरा म्हणाली.

“मले नको शिकवू. अख्खी शिफ्ट उभा राह्यलो मी ह्याच्यात.”

“तेव्हा तुम्हाले शुगर नव्हती.”

“चंद्रावर जाणाऱ्याले कोणी शुगर विचारली होती का?”

सूट पाठीमागून बांधायचा होता. ते काम अरुणकुमारने केलं. तो भैय्याजींचा भट्टीवरचा जुना जोडीदार. तिथला रिवाज असा, की गाठ अशी मारायची की ठिणग्यांत सुटू नये, आणि ज्याने बांधली त्यानेच सोडायची. मंडळाच्या सभागृहात ठिणग्या नव्हत्या, पण हातांना ते कोण सांगणार? गाठी मारून अरुणकुमार समोसे आणायला लांब कोहक्याच्या बाजारात निघून गेला.

कार्यक्रम झकास सुरू झाला. टीना उठली. “मॅडम, चाँद पे हवा नहीं है, तो झंडा सीधा कैसे खड़ा था?”

“झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी घातली होती,” वसुंधराने सांगितलं.

“आणि अंतराळवीर झोपतात कसे?” शुभमने विचारलं.

“झोपेच्या पिशवीत शिरून स्वतःला बांधून घेतात. नाहीतर तरंगत कुठेही जातील.”

बांधून घेण्याचं ऐकलं आणि अंतराळवीर चुळबुळला. टोपातून आवाज पोचेना, तेव्हा त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. भट्टीच्या गडगडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात, आणि ह्या खुणेचा अर्थ ‘मला बाहेर काढा’ असा होता. वसुंधराला तो ठाऊक नव्हता. तिला वाटलं, बाबा रंगात आले. मुलांना वाटलं, हा चंद्रावरचा नमस्कार. साऱ्या सभागृहाने डोक्यावर फुल्या केल्या. भैय्याजींनी हात आणखी जोरात हलवले, तसे मुलांनीही हलवले.

मग भैय्याजी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेऊ लागले. हा नाच मात्र वसुंधराच्या ओळखीचा होता. तिचा मुलगा सुमेध बाथरूममध्ये असला की घरी रोज सकाळी दाराबाहेर बाबांचा हाच नाच चालायचा.

ती धावत मागे गेली आणि गाठींशी झटू लागली. एक नख तुटलं, गाठ हलली नाही.

“कैची आहे का कोणापाशी?”

“स्टेजवर कपडे काहून काढून राहिली?” मंडळाच्या अध्यक्ष गिरजाबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या. “लेकरांचे प्रश्न बाकी आहेत अजून.”

“काकू, बाबाले जरा बाहेर नेते.”

“पाच मिनिटं थांब. तुझा बाप काही पळून नाही चालला.”

आयुष्यभर ज्यांना साऱ्या वस्तीने फोरमनसाहेब म्हणून नमस्कार घातला, त्यांची अब्रू आता एका गाठीवर टिकून होती. आणि नेमकी मोना उभी राहिली.

“मॅडम, एस्ट्रोनॉट लोग चाँद पे सू-सू कैसे करते थे?”

सभागृह खिदळलं. उत्तर वसुंधराला पाठ होतं, पण गाठ सोडून ती माइककडे गेली नाही. टोप सावकाश मोनाकडे वळला. हात डोक्यावर तसेच ठेवून भैय्याजी एकदम स्तब्ध झाले. ती स्तब्धता पाहून वसुंधरा दातांनी गाठ ओढू लागली.

तेवढ्यात समोसे घेऊन अरुणकुमार दारात आला. त्याने पाहिलं, तर स्टेजवर जोडीदार फुली करून उभा, आणि खाली सारं सभागृह फुली करून बसलेलं. तीच खूण पाहण्यात त्याची सारी नोकरी सरली होती; भट्टीवर ती दिसली की आधी पाणी ओतायचं, मग गाठ सोडायची. त्याने समोसे गिरजाबाईंच्या मांडीवर टाकले, हात धुण्यासाठी दारात ठेवलेली पाण्याची बादली उचलली, “हटो, हटो” करत स्टेज गाठलं आणि अख्खी बादली भैय्याजींवर ओतली. मग पाठीमागे जाऊन, वसुंधराकडून सुटली नव्हती ती गाठ चुटकीसरशी सोडली.

टोप निघाला. आतून भैय्याजींचा चेहरा बाहेर आला, ओला आणि विलक्षण शांत. ताप उतरलेल्या माणसाचा असतो तसा.

“बाबा, बाथरूम तिकडे आहे,” वसुंधरा कुजबुजली.

“राहू दे बाई. आता घाई नाही.”

वसुंधराने खाली पाहिलं. स्टेजभर पाणी होतं, सूटमधून अजून निथळत होतं, आणि त्यातलं बादलीतलं किती हे जगातला कुठलाही शास्त्रज्ञ सांगू शकला नसता. तिने मघापासून कोंडलेला श्वास सोडला. डोळ्यांत आलेलं पाणी तिने पदराने टिपलं आणि हसू लागली.

मोना मात्र उभीच होती. तिला उत्तर मिळालेलं नव्हतं.

वसुंधराने माइक उचलला, तोच भैय्याजींनी तिच्या हातून तो काढून घेतला.

“सूटमधीच, बेटा,” ते म्हणाले. “अन् लय बरं वाटते.”