खंडेनवमीस श्रीमंतांची गाडी हटून बसली त्याची हकिकत

श्रीगजाननास दंडवत, आणि यंत्रांचा देव नेमका कोणता हे कोणासच ठाऊक नसल्याने उरलेल्या सर्व देवांसही दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमीचे दिवशी श्रीमंत वामनराव यांची गाडी हटून बसली आणि राज्यात मोठा घोळ जाहला, त्याची हकिकत ऐसीजे.

राज्य म्हणजे तीन खोल्या, पुढे अंगण आणि अंगणात वडिलांच्या वेळची पांढरी गाडी. वडील महाराज कैलासवासी जाहले, गाडी मात्र राहिली. या गाडीपायीच मातोश्री अंबूबाईसाहेब आणि त्यांची धाकटी बहीण सुंद्राबाई यांजमध्ये वितुष्ट आले होते. गाडी प्रथम दारी आली ती कोणाची तरी वापरलेली, आणि सुंद्राबाई भर पंक्तीत हसून बोलिल्या, "ताई, धक्का मारायला आम्हाला बोलावशील ना?" तेवढ्यावरून मातोश्री भरल्या ताटावरून उठल्या, आणि मग वर्षे लोटली, दोघींचे केस पांढरे जाहले, परंतु एकीने दुसरीचा उंबरा ओलांडिला नाही. आता सुंद्राबाई लेकाकडे सातासमुद्रापार कायमच्या निघाल्या, त्या नवमीसच, तिसरे प्रहरी. हे ऐकोन मातोश्रींचे जेवणातही लक्ष लागेना, आणि मग एकदाच्या म्हणाल्या, "नेशील मला? पण जायचं ते ह्यांच्याच गाडीतून. आणि धक्का न मारता." श्रीमंतांस मावशीचा फार लळा, त्यांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी तत्काळ नवी बॅटरी आणविली.

नवमीस सकाळी मातोश्रींनी बॅटरीस पाटावर बसवून हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल वाहिले, आणि प्रवास सुखाचा व्हावा म्हणोन तिच्या दोन्ही शिंगांस, म्हणजे तारा जोडावयाच्या खुंट्यांस, लाल दोरा गच्च गुंडाळिला. श्रीमंतांनी वडिलांच्या पान्ह्याने त्यावरच तारा आवळिल्या आणि मग पान्हाही देवापुढे पूजेस बसला. पूजेस बसलेले हत्यार दुसरे दिवशीच्या उत्तरपूजेपावेतो हलवू नये हा त्या राज्याचा कायदा, आणि तो मोडण्याची छाती कोणाचीही नव्हती.

मग मातोश्री जरीकाठी लुगडे नेसून, मांडीवर अनारशांचा डबा घेऊन मागल्या आसनी विराजमान जाहल्या, आणि श्रीमंतांनी किल्ली फिरविली, तो गाडीने "टक" केले आणि गप्प. पुन्हा फिरविली, पुन्हा टक. दिवे मिणमिणत, भोंगा वाजे, परंतु इंजिन काही हलेना. श्रीमंत मनी विचार करू लागले की दिवे लागतात म्हणजे बॅटरी आहे, आणि गाडी निघत नाही म्हणजे बॅटरी नाही, तर मग बॅटरी आहे की नाही? डोके पार चक्रावून गेले. इतक्यात शेजारचे दाजीसाहेब सल्ला घेऊन आले, त्यांस कोणी बोलाविले नव्हते.

"पेट्रोल आहे का?"

"काटा दाखवतोय की, दाजी."

"मग काटा खोटं सांगतोय."

मग धोंडजी मिस्त्री यांस पाचारण केले. ते आले ते हात पाठीशी बांधून, कारण त्यांचीही हत्यारे पूजेस बसलेली. त्यांनी झाकणास कान लाविला, किल्ली फिरवावयास सांगितली आणि डोळे मिटून म्हणाले, "स्टार्टर गेला." मग डोळे उघडून म्हणाले, "किंवा नसेलही गेला. परवा उघडून बघू."

इकडे दर टकेस मातोश्रींचा धीर सुटत चालला. आधी डबा मांडीवरून खाली ठेविला, मग दार उघडिले, मग एक पाय बाहेर काढिला. "राहू दे वामन. देवाच्या मनात नाही." आई एकदा घरात गेली की पुन्हा निघणार नाही, आणि मावशी उद्या असणार नाही, हे श्रीमंतांस पुरते ठाऊक होते. त्यांनी देवाचे नाव घेऊन किल्ली आणखी एकवार फिरविली आणि धरून ठेविली, तो करपल्याचा वास आला. झाकण उचलोन पाहतात तो बॅटरीच्या शिंगाशी बारीक धूर, आणि धूर निघतो तो लाल दोऱ्यातून! तार शिंगास भिडलीच नव्हती, तिने दोऱ्यासच मिठी मारिली होती. कडेने वीज झिरपे तेवढ्यावर दिवे लागत, इंजिनास काय पुरणार? आता हे आईस सांगावे तर तिचे मन दुखावते, न सांगावे तर ती देवावर ढकलून घरात जाते. शेवटी श्रीमंत झाकणाआडून बोलिले.

"आई, देवाचं काही नाही यात. तुझा दोरा मधे आलाय."

मातोश्रींनी मान पुढे काढून झाकणाकडे पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे अडवलं ते मीच?"

मातोश्री उतरल्या आणि घरात गेल्या. आता सारे संपले ऐसे श्रीमंतांस वाटून डोळे भरोन आले. तो मातोश्री उंबऱ्यात पुन्हा दिसल्या. हाती पान्हा, त्यावर कुंकू तसेच, दोन अक्षता चिकटलेल्या.

"घे. केली उत्तरपूजा. आजच केली."

मग श्रीमंतांनी तारा सोडविल्या, दोरा उलगडिला, शिंगे पुसली आणि तारा पुन्हा आवळिल्या आणि किल्ली फिरविली, तो इंजिन ऐसे गरजले की कावळे उडाले. धोंडजी म्हणाले, "स्टार्टर गेला नसेलही, म्हटलंच होतं मी."

सुंद्राबाईंच्या दारी पोहोचले तो पेट्या बाहेर निघाल्या होत्या. सुंद्राबाईंनी गाडी ओळखिली आणि पायरीवरच थबकल्या. मातोश्री काच खाली करून बोलिल्या, "सुंद्रे, परत जाताना बंद पडली, तर धक्का मारशील ना गं?"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. परतीच्या वेळी गाडी पहिल्याच किल्लीस सुरू जाहली, तरी सुंद्राबाईंनी मागे दोन्ही हात टेकून फाटकापावेतो ती ढकलिली, आणि त्यांस कोणीही अडविले नाही.