काळी दोन की काळी पाच

माझ्या दारावरची बेल साळवे काकांना कधीच पसंत पडली नाही. ठाण्याच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो, त्याच दिवशी ते समोरच्या दारातून आले आणि बेल दाबली. मी दार उघडलं तरी पुन्हा दाबली, मान तिरकी करून ऐकली आणि म्हणाले, "मॅडम, ही काळी तीनपण नाय आणि पांढरी पाचपण नाय. मधेच लटकलीय. बदलून घ्या, डोकं दुखेल."

नवीन शेजाऱ्याकडे लोक पाण्याची वेळ सांगायला येतात, नाहीतर नुसतं घर कसं लावलंय ते बघायला येतात. हे गृहस्थ माझ्या बेलची पट्टी सांगून, चहासुद्धा न घेता निघून गेले.

गाणारी माणसं पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून आपला सूर सांगतात, एवढं मलाही ठाऊक होतं. पण सगळी सृष्टी पेटीवर बसवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. माझ्या कुकरची शिट्टी पांढरी चार. खालच्या डेअरीचं शटर वर जाताना काळी एक, खाली येताना नुसता गोंधळ. आमचे सेक्रेटरी पेंडसे यांची शिंक पांढरी दोनला सुरू होते आणि वाटेल तिथे संपते. माझ्याबद्दल त्यांचं मत असं, की मी साधं बोलते तेव्हा पांढरी पाचला असते आणि सासूबाईंचा फोन आला की पांढरी सहाला जाते. हे त्यांनी मला एकटीला गाठून सांगितलं असतं तर चाललं असतं. सासूबाई दिवाळीला आल्या होत्या, तेव्हा त्यांच्यासमोर सांगितलं.

कोणी काही सांगायला गेलं की ते हात वर करून म्हणणार, "आधी पट्टी, मग गोष्ट." एकदा पाण्याची मोटर पट्टी सोडतेय, आता बसणार, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. पेंडशांनी घाबरून माणूस बोलावला, मोटर उघडली. मोटरला काहीही झालेलं नव्हतं. ती त्यानंतरही चालूच राहिली. काका मात्र जिन्यात थांबून ऐकायचे आणि म्हणायचे, "चालतेय ओ, पण बेसूर."

काका मूळचे कल्याणजवळच्या मोहन्याचे. लहानपणी तिथल्या कारखान्याचा भोंगा ऐकून आपल्याला पहिला सूर समजला, असं ते सांगतात. पुढे खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक झाले आणि सुट्टीच्या दिवशी मोहन्याच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवू लागले. लग्नाच्या वरातीत एक माणूस पितळेच्या भल्यामोठ्या वाद्यात जवळजवळ गुरफटून चाललेला असतो, वाद्याचं तोंड परातीएवढं असतं आणि त्यातून पोटात घुमणारा आवाज येतो, तो ट्यूबा. मी पहिल्या दिवशी त्याला भोंगा म्हणाले. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "भोंगा कारखान्याला असतो मॅडम. हे वाद्य आहे. याला पिस्टन असतात."

आता एका ट्यूब्याने कुठल्याही घराची हौस फिटावी. काकांकडे दोन होते. लहान तो धाकटा आणि मोठा तो थोरला. धाकटा ई फ्लॅटचा, "म्हणजे आपली काळी दोन". थोरला बी फ्लॅटचा, "म्हणजे काळी पाच". पिस्टन न दाबता नुसती फुंक सोडली, की ज्याचा त्याचा घरचा सूर निघतो, असं त्यांनी मला समजावलं. काळी दोन ही साधारण पुरुषांच्या गाण्याची खालची पट्टी आणि काळी पाच बायकांची, वरची. म्हणजे अवाढव्य थोरला बायकांच्या सोयीचा आणि लहानखुरा धाकटा पुरुषांच्या. हा उलटा कारभार मला पटला नाही. धाकटा माळ्यावर असायचा. थोरला हॉलमधल्या एकुलत्या एका चांगल्या खुर्चीत बसायचा आणि पाहुणे दिवाणावर दाटीवाटीने बसायचे.

या थोरल्याशी माझं वैर होतं. मी एका विमा कंपनीसाठी घरून काम करते, म्हणजे दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. सकाळी पहिला फोन सुरू झाला, की भिंतीपलीकडून थोरल्याचा एक लांबलचक सूर यायचा. एकच. चाल नाही, गाणं नाही. सूर थांबायचा, मग शांतता, मग रत्नाकाकूंचं खोकणं आणि मग काकांचा आवाज, "बरं, उद्या बघू." एका ग्राहकाने मला अगदी सहानुभूतीने विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही बंदरावर बसता का?"

रत्नाकाकू म्हणजे काकांच्या बायको. ठेंगण्या, हसऱ्या, आणि काका जेवढे बोलतात तेवढ्याच त्या गप्प. आम्ही राहायला यायच्या आधी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून त्या कुजबुजल्यासारखं, घोगरं बोलायच्या, तेही मोजकं. सुकटाची चटणी आणून द्यायच्या आणि भांडं परत घेताना नुसत्या भुवया उडवून विचारायच्या, आवडली का. एवढ्या बोलक्या माणसाने एवढ्या अबोल बाईबरोबर संसार कसा केला, याचं मला नवल वाटायचं.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. ठाण्यात हे सगळ्यांच्याच नशिबी येतं, आमच्याही आलं. नवी इमारत उभी राहीपर्यंत सगळ्यांना भाड्याच्या घरांत जायचं होतं. साळव्यांना डोंबिवलीत एक खोली आणि स्वयंपाकघर असं घर मिळालं. मुलगी कल्याणहून आली, टेप घेऊन ते घर मोजून आली आणि म्हणाली, "पप्पा, एकच ट्यूबा बसेल. दुसरा द्यायचा म्हणजे द्यायचा." मोहन्याच्या बँडचा आत्माराम, काकांचा जुना जोडीदार, दुसरा ट्यूबा न्यायला तयार होता. त्याच्या बँडला दोन्हींतला कुठलाही चालणार होता. प्रश्न एवढाच उरला, की कुठला.

हा प्रश्न काकांनी सबंध बिल्डिंगचा करून टाकला. पेंडसे एकदा वैतागून म्हणाले, "साळवे, कोणताही एक ठेवा हो. दोन्ही आवाजच तर करतात."

"पेंडसेसाहेब, तुमचे दोन्ही मुलगे आवाजच करतात. ठेवता का एक?"

खरं तर यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. धाकटा हलका, कॉटखाली मावणारा. काकांचे गुडघे गेलेले, दम कमी झालेला. थोरला मांडीवर घेऊन फुंकला की बिचारे लालबुंद व्हायचे. बँडमध्ये सगळी उमर त्यांनी धाकटाच वाजवला होता. मी हे सगळं मुद्देसूद सांगितलं. त्यांनी प्रत्येक मुद्द्याला मान डोलावली.

"म्हणजे धाकटा ठेवायचा," मी म्हणाले.

"बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले. "उद्या बघू."

घरं रिकामी व्हायला लागली. पेंडसे रोज जिन्यात विचारायचे आणि काका रोज उद्यावर ढकलायचे. मला आता त्यांचा राग यायला लागला होता. माणूस एवढा हेकट असू नये, असं मी नवऱ्यापाशी बोलूनही दाखवलं.

एका दुपारी मी त्यांच्याकडे रिकामी खोकी द्यायला गेले. काकू मुलीबरोबर बाजारात गेल्या होत्या. काका फडकं घेऊन थोरल्याला पुसत बसले होते. मी सहजच विचारलं, "काका, एवढं काय आहे हो या थोरल्यात?"

पट्टी न विचारता ते थेट गोष्टच सांगू लागले. मला तेव्हाच समजायला हवं होतं, की काहीतरी वेगळं आहे.

"कल्याणला बुद्धजयंतीचा कार्यक्रम होता. आमचा बँड मिरवणुकीला गेलेला. मिरवणूक झाली, स्टेजवर एक मुलगी गायला उभी राहिली, आणि पेटीवाला आलाच नाय. आत्माराम मला बोलला, तू सूर धर तिचा. मी बोललो, बाई, पट्टी कुठली? ती बोलली, काळी पाच. धाकट्यावर खालची काळी पाच धरायची तर पहिला आणि तिसरा पिस्टन दाबायला लागतो. आणि ती जराशी चढी निघते. कोणाला कळत नाय. दोन हजार माणूस टाळ्या वाजवत होता. ही खाली उतरली आणि मला काय बोलली? बोलली, सूर जरा चढा होता हां तुमचा."

"मग?"

"मग काय, लग्न केलं." काका हसले. "आणि हा थोरला शोधून आणला. बँडसाठी नाय. घरासाठी. याला पिस्टन दाबायचाच नाय, नुसती फुंक सोडायची, की तिचा सा. ती भाकऱ्या थापताना गायची, मी इथं बसून सूर धरायचो. बिल्डिंग खिडकीत यायची ऐकायला. पेंडशांना विचारा."

मी थोरल्याकडे बघत राहिले. सकाळचा तो लांब सूर, नंतरची शांतता, काकूंचं खोकणं, "उद्या बघू". मी इतके दिवस ज्याच्यावर तापले होते, ते हे होतं. काका रोज त्यांना सूर देत होते आणि काकूंचा आवाज यायची वाट बघत होते.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"डॉक्टर काय, बोलतात हाच आवाज आता. त्यांना काय गाण्यातलं कळतं? घसा बसलाय. सुटेल." ते पुन्हा पुसायला लागले. "आणि तो सुटला, ती गायला बसली, आणि हा नसला घरात, तर? मी तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

खोकी ठेवून मी घरी आले.

रविवारी सकाळी आत्माराम टेम्पो घेऊन हजर झाला. गोल, घामेजलेला, बोलका माणूस. "काय रे सायबा, कुठला उचलू?" म्हणून दारातच उभा. काकांनी मला बोलावून घेतलं. माझा कान दिवसभर फोनवर तयार झालेला असणार, अशी त्यांची समजूत होती. हॉलमध्ये बांधलेली गाठोडी, दोन खोकी आणि मधे दोन्ही ट्यूबे शेजारी शेजारी. आत स्वयंपाकघरात काकू जमिनीवर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"दोन्ही वाजवतो. तुम्ही सांगा," काका म्हणाले.

त्यांनी थोरला मांडीवर घेतला. मान लाल झाली, गाल फुगले, सूर आला. भिंतीअल्याड मी रोज ऐकायचे तोच, पण समोर बसून ऐकताना कितीतरी भरदार. सूर संपला. काका थांबले. आत कागदाची कुरकुर तेवढी चालू होती.

मग त्यांनी धाकटा घेतला. बऱ्याच दिवसांनी घेतला असावा, कारण आधी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत पिस्टन हलवून बघितले. मग ते सोडून दिले आणि नुसती फुंक सोडली. काळी दोन. सौम्य, गोल, जरा वयस्कर माणसासारखा सूर.

आतून कागदाचा आवाज थांबला नाही. पण त्याच्याबरोबर दुसरा एक आवाज यायला लागला. काकू गुणगुणत होत्या. काम करताना माणूस नकळत गुणगुणतो तसं. त्यांचं त्यांना भानही नसावं. घोगरा, खरखरीत, मधेच फाटणारा आवाज, पण सुरावर अगदी बरोबर बसलेला. इतका बरोबर, की माझ्यासारख्या बेसूर बाईलाही कळलं.

काकांची फुंक संपली. काकू मात्र पुढे दोन क्षण तशाच गुणगुणत राहिल्या, मग दचकून थांबल्या. हातात अर्धवट गुंडाळलेली बशी घेऊन दारात आल्या. आम्हा तिघांकडे त्यांनी बघितलं आणि मग थोरल्याकडे.

"तो मोठा देऊन टाका," त्या म्हणाल्या.

"अगं, घसा बसलाय फक्त," काका घाईघाईने म्हणाले. "सुटेल. डोंबिवलीची हवा..."

"अहो." एवढा एक शब्द काढून त्यांनी दम घेतला. "बसलाय तो बसलाय. मला कधीच कळलेलं. तुम्ही रोज सकाळी एवढे दमून सूर देता, म्हणून मी बोलत नव्हते. मी नाही पोचत आता तिथं."

आत्मारामने डोक्यावरची टोपी काढली. मी उगाच एका गाठोड्याची गाठ घट्ट केली. काका खाली बघत होते. धाकट्याच्या पिस्टनवर त्यांचा अंगठा फिरत होता.

"मग नको येऊस तू वर," ते शेवटी म्हणाले. "मी येतो खाली."

आणि त्यांनी पुन्हा फुंक सोडली. या वेळी काकू जाणूनबुजून गायल्या. जयंतीची कुठलीशी जुनी चाल होती, शब्द मला नीट लागले नाहीत. आवाज दोनदा फुटला, एकदा पार गेला. काकांनी सूर धरून ठेवला आणि त्या परत येऊन त्याच्यावर उभ्या राहिल्या. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसता येत नव्हतं, कारण दोन्ही हात ट्यूब्यात गुंतलेले. काकूंनी बशी खोक्यावर ठेवली आणि गाता गाताच पदराने त्यांचे डोळे पुसले.

खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. कुठल्या पट्टीत, ते काकांनी सांगितलं नाही.